आईच्या गाड्याचा आसूड

आई लक्ष्मीच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या एकजुटीने पुरा होत आहे, ही आपणा सर्वांना धन्यता वाटावी अशी गोष्ट आहे. दगड कोणी दिला, सागवान कोणी दिले, कळसासाठी कोणी किती वर्गणी दिली, याची यादी या स्मरणिकेत अन्यत्र छापली आहे. त्या यादीत न आलेल्या एका वस्तूबद्दल चार शब्द लिहावेत, असे मनात आले. जुना सभामंडप उतरविताना गाभाऱ्याच्या उजव्या अंगाच्या खांबावरील लाकडी खुंटीवरून ती खाली काढण्यात आली. त्या दिवशी हजर असलेल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांना ती काय आहे हे कळले नाही. एकाने तर "हा जुना दोर टाकून देऊ का?" असे विचारले.

तो दोर नव्हता. तो आईच्या गाड्याचा आसूड होता. मूठ दीड हाताची, वेणी सुमारे साडेचार हातांची. सर्व कातडी, हाताने विणलेला. धुराने आणि तेलाने काळा पडलेला, पण वेण्यांचे पेड अजून एकमेकांस घट्ट धरून.

आजच्या पिढीसाठी सांगावयास हवे की, आईची यात्रा भरे तेव्हा पालखी गावातून खांद्यावर फिरत असे, पण शिवेपर्यंतची फेरी मात्र गाड्यातून होई. गाड्यास चार बैलजोड्या जुंपत. पुढच्या जोडीजवळ मानकरी हा आसूड घेऊन चाले. त्याचा दंडक असा की, आसूड बैलाच्या अंगास लागता कामा नये. देवळापुढे, वेशीत आणि शिवेवर मिळून तीन वेळा तो हवेत वाजवावयाचा. तो आवाज पलीकडच्या वाडीत ऐकू जाई आणि तेथील लोक नैवेद्याची ताटे घेऊन निघत. गाडा बंद झाला, आसूड खुंटीवर राहिला.

आपल्या भाषेत या वस्तूला तीन-चार नावे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरली जातात. पण जुनी माणसे त्यांत फरक करीत. घोड्याच्या व टांग्याच्या कामाचा तो चाबूक. घोडा फिरवून तयार करणाऱ्यास चाबुकस्वार म्हणत ते यावरूनच. बैलाच्या कामाचा, लांब वेणीचा तो आसूड. शिक्षेचा आणि देवीच्या भक्ताच्या हातातला तो कोरडा. काठीच्या टोकास लोखंडी अणी बसविलेली ती पराणी. तिचा आसुडाशी काही संबंध नाही आणि चांगला गाडीवान तिला हात लावीत नसे.

कोरडा म्हटला की पोतराज आठवतो. कंबरेस रंगीत खणांचा घेर, मोकळे वाढविलेले केस, कपाळी मळवट, पायांत घुंगरू, आणि मागे डोईवर देवीचा देव्हारा घेतलेली त्याची बायको. तो स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडा ओढून घेई. त्याचा कोरडा बहुधा वाखाचा, जाड पिळाचा असे. ही चाल केवळ आपल्या मुलखाची नाही. तेलुगू मुलखात ग्रामदेवतांचा भाऊ म्हणून पोतराजू पूजिला जातो आणि हैदराबादेस आषाढात बोनालूचा उत्सव होतो तेव्हा हळद माखलेला पोतराजू असाच कोरडा घेऊन मिरवणुकीपुढे नाचतो. नावही तेच आणि हत्यारही तेच. आपल्याकडे हे पोतराजपण मातंग व महार समाजांतील कुटुंबांच्या वाट्यास आले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी ते सोडून दिले आणि मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. देवीचा राग स्वतःच्या पाठीवर घेण्याचे काम एकाच वर्गाकडे का असावे, हा प्रश्न त्यांनी विचारला तो योग्यच होता.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली शेतकऱ्याच्या दैन्यावर लिहिलेल्या ग्रंथास 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिले. शेतकऱ्याच्या हातातली रोजची वस्तू त्यांनी उचलली आणि तिचा रोख बैलाकडून फिरवून त्याला नाडणाऱ्यांकडे केला. हे नाव वाचणाऱ्यास कोणी समजावून सांगावे लागले नाही, कारण तेव्हा घरटी एक आसूड होता.

आता हा आसूड होतो कसा, हे पाहू. चर्मकार वाड्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी प्रस्तुत लेखकास हे सारे शांतपणे समजावून दिले. त्यांनी नाव न छापण्याची इच्छा व्यक्त केल्याने ते येथे दिलेले नाही.

पहिले काम कातडे कमावण्याचे. ते ढोर समाजाकडे असे. बसवेश्वरांच्या काळातील शरण कक्कय्या यांच्या नावाने हा समाज स्वतःस ओळखतो. कच्चे कातडे धुऊन चुन्याच्या निवळीत ठेवावयाचे, केस सुटले की खरडून काढावयाचे, चुना पुरता धुऊन टाकावयाचा. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवावयाचे. पुष्कळ ठिकाणी कातड्याची पिशवी शिवून ती टांगीत आणि तीत सालीचे पाणी भरीत. ते झिरपून खाली येई, पुन्हा वर ओतीत. या कामास आठवडेच्या आठवडे लागत. वास असा की, कमावणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर, ओढ्याकाठी. आपल्या भागातील चपला ज्या कातड्याच्या होतात त्याचीही हीच रीत. त्या कोल्हापुरी चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. चपलेच्या पट्ट्यावर जी बारीक कातडी वेणी असते ती विणणारी बोटे आणि आसूड विणणारी बोटे एकाच घरातली.

दुसरे काम वादी काढण्याचे. वादी म्हणजे कातड्याची लांब पट्टी. साडेचार हातांची वेणी व्हावयाची तर वादी त्याहून बरीच लांब लागते, कारण विणीत लांबी खर्च होते. एवढे लांब सरळ कातडे वाया न घालवता कोठून आणावयाचे? त्यावर युक्ती अशी की, कातड्याचा गोल तुकडा घ्यावयाचा आणि रापीने कडेकडेने आत आत कापीत जावयाचे. तळहाताएवढ्या तुकड्यातून कित्येक हात वादी निघते. कातडे पाठीकडचे असावे. पोटाकडचे सैल व ताणणारे असते, त्याची वेणी महिन्याभरात ढिली पडते. वादी निघाल्यावर ती ओली करून खुंट्यास बांधून ओढावयाची. जी ताण आताच खाईल ती पुढे खाणार नाही. मग कडा तासून घ्यावयाच्या, म्हणजे पेड एकमेकांवर नीट बसतात.

तिसरे काम विणीचे. आत कातड्याचाच गाभा, त्यावर आठ पेडांची गोल वीण. मुठीपासून हातभर गेल्यावर दोन पेड आत सोडून द्यावयाचे, पुढे सहा; आणखी पुढे चार. अशा रीतीने वेणी मुठीकडे अंगठ्याएवढी जाड आणि टोकाकडे करंगळीहून बारीक होते. शेवटास एकेरी वादी आणि तिला वाखाचा किंवा सुताचा लहान गोंडा. प्रत्येक पेड सारख्या ताणाने ओढला पाहिजे. एक पेड जरी ढिला राहिला तरी सगळा भार उरलेल्या सातांवर जातो आणि वेणी तेथेच तुटते. विणून झाल्यावर फळीखाली घालून ती पायाने लोळवावयाची, म्हणजे गोल होते. सावलीत वाळवून वर तेलाचा हात. मुठीस बोरीचे किंवा बाभळीचे चिवट लाकूड.

बलुत्याच्या काळी याची वेगळी किंमत नसे. जोडे, मोटेची शिवण, जोत्याच्या वाद्या आणि आसूड या सगळ्यांबद्दल सुगीत खळ्यावर जे धान्य मिळे तेच वेतन. मोट फाटली की पाणी थांबे, म्हणून मोटेचे काम आधी. आसूड बेंदराच्या आधी मिळे. बेंदराच्या दिवशी बैलास आसूड दाखवावयाचा नाही, हा नियम. नवा आसूड त्या दिवशी जोखडाशेजारी ठेवून त्यास हळदकुंकू वाहत.

चांगला आसूड कसा निवडावा, याचेही शास्त्र होते. जुना शेतकरी आसूड हाती आल्यावर प्रथम वाजवून पाहत नसे. तो डोळे मिटून वेणी चिमटीतून मुठीपासून टोकापर्यंत ओढी. बोटांना कोठे गाठ, कोठे खळगा लागला तर परत. मग वेणी बोटाभोवती वळवून पाही. वळणावर पेडांत फट पडली किंवा कातड्यावर भेगा उमटल्या तर कमावणी कच्ची. मग वास घेई. चुन्याचा तिखट वास येत असेल तर धुणे अपुरे, असे कातडे दोन पावसाळ्यांत कुजते. पिकल्या सालीचा गोडसर वास हवा. मग मूठ आणि वेणी जेथे जुळतात तेथे दोन्ही हातांनी मुरगळून पाही, कारण पहिला घात तेथेच होतो. शेवटी मूठ तर्जनीवर तोलून बघे; जड वाटला तर संध्याकाळी खांदा दुखणार. एवढे झाल्यावर अंगणात एकदा वाजवी.

आणि तो वाजतो कसा? आवाज वादी कशावर आपटल्याने होत नाही. हाताने दिलेला हेलकावा वेणीतून वळसा होऊन पुढे धावतो. वेणी पुढे बारीक होत जाते, तसा त्या वळशाचा वेग वाढत जातो. टोकास पोहोचेपर्यंत तो आवाजाच्या वेगाला मागे टाकतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शेपटाचे टोक क्षणभर त्याहून वेगाने फिरते आणि हवा फाटल्यासारखा कडाका होतो. म्हणजे जो आसूड नीट उतरता विणला आहे तोच वाजतो. आणि जो वाजतो त्याने बैलास मारावे लागत नाही, कारण बैल आवाज ओळखतो. आसूड बैलाच्या पाठीवर पडू लागला की समजावे, एक तर आसूड वाईट आहे किंवा धरणारा.

ही गोष्ट कायद्यानेही पुढे मान्य केली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांविषयी १९६५ साली जे नियम झाले त्यांत अणकुचीदार काठी वापरण्यास मनाई आली. माणसाच्या पाठीवरचे फटके त्याआधीच गेले होते. इंग्रजी अमलात १८६४ साली कायद्यात आलेली फटक्यांची शिक्षा आपल्या संसदेने १९५५ साली रद्द केली. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. पुढे राज्याने कायदा करून अटी घातल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो वैध ठरविला. त्या अटींतही बैलास इजा न करणे ही मुख्य आहे. आपल्या गाड्याचा दंडक याहून निराळा नव्हता.

येथवर लिहिताना लेखणी अडली नाही. पुढील मजकूर लिहिताना अडते आहे. पण देवीच्या दारात खोटे लिहू नये.

दर यात्रेस आसुडाची शेपटाची वादी बदलावी लागे आणि काही वर्षांनी आसूडच नवा होई. तो चर्मकार वाड्यातील एका घराने करून द्यावयाचा, हा त्यांचा मान. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी त्या घरचा कर्ता पुरुष नवा आसूड घेऊन येई. तो देवळाच्या खालच्या पायरीवर ठेवी आणि दहा पावले मागे सरे. मग मानकरी खाली येऊन आसुडावर पाणी शिंपडी, उचलून आत नेई आणि आईच्या पायांपाशी ठेवी. वर्षभर तो आसूड गाभाऱ्याच्या खांबावर असे. ज्या कातड्यास गावाने विटाळ म्हटले ते आत आणि ज्याने ते विणले तो बाहेर, अशी ही रीत होती. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांकडे गाडा हाकण्याचा मान होता. पाणी शिंपडणारा हात त्यांचा होता. ते प्रेमळ गृहस्थ होते आणि बैलावर त्यांनी कधी आसूड टाकला नाही, असे सारा गाव सांगे. माणसाच्या बाबतीत मात्र तेवढा विचार त्यांना सुचला नाही, आणि आम्हा घरच्यांनाही पुष्कळ वर्षे सुचला नाही.

वेळ नव्हती असे म्हणता येणार नाही. आपला मुलूख राजर्षी शाहू महाराजांचा. सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने येथे शिवाशिव पाळू नये, असा हुकूम त्यांनी १९१९ सालीच काढला होता. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. पंढरीचा विठोबा सर्वांना खुला व्हावा म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले. मुंबई राज्याचा मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षीचा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. पायरीवरचा आसूड मात्र आपल्या गावी त्यानंतरही काही यात्रांपर्यंत पायरीवरच ठेवला जात होता. मोठ्या वर्तमानपत्रांतून आलेल्या गोष्टी लहान पायऱ्या चढण्यास वेळ घेतात.

गाडा कोणी ठरवून बंद केला नाही. विहिरींवर इंजिने व विजेचे पंप आले, मोटा गेल्या. मोटा गेल्या तशी बैलजोडी कमी झाली, पुढे ट्रॅक्टर आला. चार जोड्या जमविणे अवघड झाले. चर्मकार वाड्यातील मुले शिकली, नोकरीस लागली; ज्या कामाने पाणी शिंपडून घ्यावे लागले ते काम त्यांनी सोडले, याबद्दल त्यांना कोण बोल लावील? आज बाजारात नायलॉनचे आसूड मिळतात. ते भिजत नाहीत, कुजत नाहीत आणि त्यांना निवडण्याची कला लागत नाही. आपल्या गावी कातडी आसूड विणणारा हात आता उरलेला नाही.

म्हणून खुंटीवरचा हा एक आसूड जपावयाचा. तो कसा जपावा, याबद्दल त्याच वृद्ध गृहस्थांचे सांगणे येथे देतो. घरी कोणाकडे जुने कातडी सामान असेल तर त्यासही ते लागू पडेल.

वापरातल्या आसुडाची निगा अशी. चिखल लागला तर ओल्या फडक्याने पुसावा, पाण्यात बुडवू नये. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, एरंडेलाचे थोडे बोट लावून कोरड्या फडक्याने चोळावे. तेल फार झाले तर पेड घसरतात आणि वीण सुटते. खिळ्यावर अडकवू नये, तेथे मोड पडते. जाड गोल खुंटीवर सैल वेटोळे करून ठेवावा. उंदरांपासून जपावे, कारण तेलकट कातडे त्यांना प्रिय असते. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही घालू नये.

देवळातल्या आसुडास मात्र वेगळा नियम. तो फार जुना आहे. हात लावला की बोटांस तांबूस भुकटी लागते, म्हणजे कातड्याचे सत्त्व जात चालले आहे. अशा कातड्यास आता तेल लावू नये. तेलाने ते अधिक काळे व ठिसूळ होते. त्याचे वेटोळे उलगडू नये. वाजवून पाहण्याचा मोह तर कोणी करूच नये. भाविकांनी त्यावर शेंदूर, हळदकुंकू वा नारळाचे पाणी वाहू नये. श्रद्धा खरी असली तरी त्याने कातडे खराब होते. समईच्या आणि धूपाच्या धुरापासून दूर, थेट ऊन न येईल अशा जागी, हवा खेळती राहील अशा काचेच्या पेटीत सुती कापडावर त्यास आडवे ठेवावे. पेटी सभामंडपात असावी, गाभाऱ्यात नको. म्हणजे प्रत्येकास जवळून पाहता येईल.

जीर्णोद्धार समितीपुढे एक नम्र सूचना आहे. पेटीखाली संगमरवरी पाटी बसणार आहे. तीवर 'गाडा हाकण्याचा मान' म्हणून आमच्या घराण्याचे नाव घालण्याचे ठरत आहे, असे कळते. ते घालू नये, अशी आमच्या घरातर्फे विनंती. त्या जागी कातडे कमावणाऱ्या आणि आसूड विणणाऱ्या घरांची नावे, त्यांची संमती घेऊन, घालावीत. त्यांची संमती नसेल तर पाटी कोरी ठेवावी. पण आमचे नाव नको. पेटीत आसूड ठेवण्याचा मान त्या घरच्या थोरल्या व्यक्तीस द्यावा. त्यांनी तो पायरीवर न ठेवता वर चढून स्वहस्ते आत न्यावा आणि आम्ही दहा पावले मागे उभे राहावे. पाणी शिंपडण्याचे काही कारण नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेपटाची वादी तुटलीय. पेटीत ठेवायच्या आधी मी बदलून देतो. नजर गेलीय, पण बोटांना कळतं." जुन्या कातड्यास आता हात लावू नये, हे त्यांनीच सांगितले होते, त्याची आठवण त्यांना करून देण्याचे धैर्य झाले नाही. वादी वेगळी विणून शेजारी ठेवू, असे ठरले.

आई लक्ष्मीने गावास सुबुद्धी द्यावी आणि नव्या मंदिराच्या पायऱ्या सर्वांच्या पायांस सारख्याच लागाव्यात, हीच तिच्या चरणी प्रार्थना.